दोन हिसके

"आज जर तू माका मधीच वर ओढलंस, तर पुढच्या महिन्यात तुझा तिकीट. सरळ वेंगुर्ल्याक."

आमचे हे होडीच्या काठावर पाण्याकडे पाठ करून बसले होते. पाठीवर हवेची टाकी, पायांत बदकाच्या पायांसारखे रबरी पंखे, कपाळावर चढवलेला काचेचा चष्मा. एवढा सगळा सरंजाम अंगावर चढवूनही माणसाला बायकोला दम द्यायचं सुचतं, याचं मला नवल वाटलं.

"आणि तुम्ही उत्तरच दिलं नाहीत तर?" मी विचारलं.

"जवाब इलो नाय, तर खुशाल ओढ. पण जवाब इलो, तर गप रवायचा. कबूल?"

"कबूल."

"तसा नको. हातार हात मार."

मी त्यांच्या ओल्या हातावर हात मारला. समोर बसलेला ग्रॅहम, ह्यांचा स्कॉटिश सोबती, रुमालात नाक शिंकरत आमच्याकडे बघून हसत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण नवरा-बायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. आयुबूने, म्हणजे आमच्या होडीवाल्याने, बुडाला दगड बांधलेला जाळीचा पिंजरा ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, तोंडात नळी धरली आणि पाठीमागे पडल्यासारखे पाण्यात गेले. त्या क्षणी मी नेहमी डोळे मिटून घेत असे. उघडले तेव्हा पाण्यावर फक्त बुडबुडे होते आणि माझ्या हातातली दोरी सरसर सुटत चालली होती.

ही पंच्याऐंशी सालातली गोष्ट. रत्नागिरीची नोकरी सोडून हे करारावर आफ्रिकेत, मलावीला आले होते, आणि त्यांच्यामागून मी. तिथलं सरोवर म्हणजे नावाला सरोवर. पलीकडचा काठ बहुतेक ठिकाणी दिसतच नाही आणि वारा उठला की लाटा समुद्रासारख्या आपटतात. त्याच्या दक्षिणेच्या टोकाला मंकी बे नावाचं लहानसं बंदर आहे, तिथे आम्हाला पत्र्याच्या छपराचं घर मिळालं होतं. विश्राम परब, मत्स्यतज्ज्ञ, अशी पाटीही दाराला होती. माझ्या नावाची नव्हती, पण माझं काम कुठे पाटी लावण्यासारखं होतं? मी काळजी करत असे.

मी मिरजेची. पाणी म्हणजे कृष्णेचं, आणि तेही घाटाच्या पायरीवर उभं राहून बघायचं, एवढंच मला ठाऊक. वेंगुर्ल्याच्या माणसाशी लग्न झालं तेव्हाच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं. हे लहानपणापासून समुद्रात डुंबलेले. पाण्याखाली गेले की ह्यांना घरी आल्यासारखं वाटायचं. आणि मी तर कढईत तेल जास्त तापलं तरी धास्तावणारी. माझी आई म्हणायची, "हिला काळजी करायला काही सापडलं नाही, तर कसं काय सापडलं नाही याचीच काळजी करत बसेल." आईचं काही चुकत नव्हतं.

ह्यांचा जीव गुंतला होता तो कंपांगो नावाच्या माशात. आपल्याकडच्या शिंगाळ्याचाच हा भाऊबंद. अंगावर खवलं नाहीत, पाठ करडी, पोट पांढरं, तोंडाभोवती लांब मिशा. चांगला मांडीएवढा वाढतो. तळाशी खडकांच्या आडोशाला वाळूत खड्डा करून ही जोडी पिल्लं वाढवते आणि ती मोठी होईपर्यंत दोघंही तिथून हलत नाहीत. आई तर पिल्लांना खायला आपलीच अंडी घालते. हे मला जेवताना सांगत, आणि सांगता सांगता ह्यांच्या ताटातली भाकरी थंड होई. आयुबूच्या गावचे लोक कंपांगो धुरावर सुकवून खात. मी एकदा त्याचं तिखट कालवण केलं, तर ह्यांनी दोन दिवस माझ्याकडे खुनी असल्यासारखं बघितलं.

पाण्याखाली एकट्याने जायचं नाही, असा ह्यांच्या धंद्यात नियम आहे. एरवी ग्रॅहम बरोबर उतरे. पण त्याला सर्दी झाली, कान भरला, आणि भरल्या कानाने खाली गेलं तर पडदा फाटतो. घरट्यातली पिल्लं मात्र ह्यांच्यासाठी थांबणार नव्हती. तेव्हा हे एकटे उतरायला लागले आणि मी दोरी घेऊन होडीत बसायला लागले. दोरीचं एक टोक कडीने ह्यांच्या मनगटाला, दुसरं माझ्या हातात. मी दोन हिसके द्यायचे, म्हणजे "बरं आहे ना?" त्यांनी दोन द्यायचे, म्हणजे "बरं आहे." पाच हिसके म्हणजे "लगेच वर या." कुणीही कुणाला द्यावेत.

पंधरवड्यापूर्वी मी पाच दिले होते. मी विचारत होते आणि उत्तर येत नव्हतं. खाली हे पाण्यात लिहायच्या पाटीवर काहीतरी लिहीत होते म्हणे. हे धडपडत वर आले, पाठोपाठ कंपांगोची जोडीही बिथरून घरट्यापासून दूर गेली, आणि तेवढ्यात दुसऱ्या माशांनी पिल्लांचा फडशा पाडला. महिन्याभराचं काम गेलं. हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसरं घरटं शोधायला त्यांना किती खेपा माराव्या लागल्या ते मी होडीत बसून बघितलं होतं. म्हणून आज ही शपथ आणि हे तिकीट.

मला परत जायचं नव्हतं. इथे काळजी करायला निदान दोरी तरी होती. वेंगुर्ल्याला नुसती पत्राची वाट बघून मी वेडी झाले असते.

आजचं काम जरा वेगळं होतं. घरट्यावरच्या नराला पकडून सकाळपुरतं पिंजऱ्यात ठेवायचं आणि मादी एकटीने पिल्लं राखते का ते बघायचं. वर येताना त्याला सोडून द्यायचं. "बापूस नसलो तर आवस काय करता, ता बघूचा आसा," हे सकाळी चहा पिताना म्हणाले होते. असले प्रश्न माणसाला का पडतात, मला कळत नाही.

दोरी सुटायची थांबली. हे तळाला पोचले होते. मी थोडा वेळ कळ काढली आणि दोन हिसके दिले.

उत्तर नाही.

पुन्हा दोन. उत्तर नाही. तिसऱ्यांदा दिले, तेव्हा खालून दोन हिसके आले, असे जोरात की दोरीने माझा तळवा भाजला. त्यात "कटकट करू नको" एवढं स्पष्ट ऐकू आलं. आमच्या ह्यांचं हे असंच. लग्नाआधी मी पत्रं पाठवायची, तर तीन पत्रांना मिळून एक उत्तर. लग्नात भटजींनी मंत्र म्हणायला सांगितला, तर दोनदा कोपरखळी मारावी लागली. पानं घेतली आहेत, असं मी स्वयंपाकघरातून पहिल्यांदा म्हणते ते नुसतं घसा साफ करायला. तिसऱ्या हाकेशिवाय ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे मला, सासूबाईंना आणि वेंगुर्ल्याच्या पोस्टमनला, सगळ्यांना माहीत होतं.

"मिसेस परब, तो ठीक आहे," ग्रॅहम पुस्तकातून डोकं न काढता म्हणाला. "टाकीत भरपूर हवा आहे. मी घड्याळ लावलंय."

"मला माहीत आहे."

"मग दोरी इतकी आवळून का धरलीत?"

मी मूठ सैल केली. तेवढ्यात आयुबूने दक्षिणेकडे बघून नाक वर केलं. "म्वेरा," तो म्हणाला. तिकडे आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला हे नाव आहे, आणि हा वारा आला की सगळे होडीवाले गप्प होतात. पाणी आधी शहारलं, मग त्यावर बारीक बारीक लाटा उठल्या. इतका वेळ दिसणारे बुडबुडे दिसेनासे झाले. आता दोरीशिवाय माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

मी हिसके दिले. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा काही नाही, तिसऱ्यांदा उत्तर आलं. पुढच्या वेळीही तसंच. होडी लाटांवर डुलायला लागली होती, पण उत्तर येत होतं तोवर सगळं सोसण्यासारखं होतं.

मग मी पुन्हा विचारलं, आणि उत्तर ताबडतोब आलं.

मला आधी वाटलं, लाटेमुळे दोरी ताणली असेल. पण नाही, खालून स्वच्छ दोन हिसके आले होते. मला इतका आनंद झाला की मी आयुबूला सांगितलं. "ऐकलंस का? आज बाम्बोंनी पहिल्या हाकेला उत्तर दिलं!" बाम्बो म्हणजे साहेब. आयुबू मला आमायी म्हणायचा. तिकडे कुठल्याही बाईला तसंच म्हणतात, त्याचा अर्थ आई.

"बाम्बो घाबरले, आमायी," तो हसून म्हणाला. "तुम्ही परत मासा शिजवाल म्हणून."

ग्रॅहमनेही पुस्तक मिटलं. "बघा. माणूस सुधारतो."

मला खरंच बरं वाटलं. सकाळी हातावर हात मारला त्याची ह्यांनाही जाण आहे, असं वाटलं. आपण उगाच ह्यांना दगड म्हणतो. मी जरा वेळ थांबून पुन्हा दोन हिसके दिले, आणि हिसके देऊन हात सैल करते न करते तोच उत्तर. दोन, आणि वर एक जास्तीचा.

आता मात्र मला कसंसंच झालं. का ते सांगता येईना. मी दोरीकडे बघत बसले. ती पाण्यात तिरकी गेली होती, वाऱ्याने होडी फिरली होती, बाकी सगळं होतं तसंच होतं.

मग मी एक गोष्ट केली. उत्तर येऊन क्षणही झाला नसताना मी मुद्दाम पुन्हा हिसके दिले. एरवी असं केलं तर खालून एक लांबलचक ओढ येई, होडीतून मलाच पाण्यात खेचेल अशी. ती आमची शिवी होती. मी त्या शिवीची वाट बघत होते. देवाशप्पथ, कुठल्याही बायकोने नवऱ्याच्या शिवीची इतकी वाट बघितली नसेल.

लगेच दोन हिसके आले. गुणी, आज्ञाधारक.

"ग्रॅहम," मी म्हटलं, "खाली काहीतरी झालंय."

"उत्तर येत नाहीये का?"

"येतंय."

"मग?"

"लगेच येतंय."

त्याने रुमाल नाकावरून काढला. त्याचे डोळे सर्दीने लाल झाले होते. "मिसेस परब, उत्तर येत नव्हतं तेव्हा तुम्ही घाबरत होतात. आता येतंय म्हणून घाबरताय. त्याने करावं तरी काय?"

"तुम्हाला नाही कळणार. ते असं उत्तर देत नाहीत. ते ते नव्हेत."

"मग कोण आहे?"

मी आयुबूकडे बघितलं. त्याने नजर पाण्याकडे वळवली. त्यालाही मागच्या वेळचा प्रकार आठवत असणार. तेव्हा होडी त्याचीच होती.

"घड्याळ बघा," ग्रॅहम समजुतीच्या सुरात म्हणाला, "अजून वेळ आहे. हवा आहे. उत्तर आहे. मागच्या वेळी त्याचं काम गेलं तेव्हा तो किती खचला होता, तुम्हाला दिसलं नाही, मला दिसलं. हे घरटं गेलं तर या मोसमात तिसरं मिळणार नाही. विचार करा."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, तिकिटाचाही केला. सासूबाईंच्या घराची ओटी, तिच्यावर मी बसलेली, आणि पोस्टमन रोज मान हलवत पुढे जाणारा, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि समजा खाली हे खरोखरच सुधारले असतील तर? पहिल्यांदा बायकोच्या मनासारखं वागले आणि तिने त्याची शिक्षा दिली, असं होईल. आयुष्यात पुन्हा कधी पहिल्या हाकेला ओ देतील का?

मी पाच हिसके दिले.

दोरी थरथरली. खालून हिसके आले. दोन, मग थांबून आणखी, मग नुसतीच ओढाताण.

"तो 'नाही येत' म्हणतोय," ग्रॅहम म्हणाला.

"आयुबू, ओढ," मी म्हटलं.

"आमायी, बाम्बो..."

"ओढ म्हणते ना! सगळी दोरी ओढ!"

मी स्वतःच ओढायला लागले. दोरी जड होती. ग्रॅहम उठून ओरडला, असं एकदम वर ओढलं तर माणसाची फुप्फुसं फाटतील, तुम्ही मारून टाकाल त्याला. त्याने माझं मनगट धरलं. मी ते कसं सोडवून घेतलं कोण जाणे. नंतर दोन दिवस त्याच्या हातावर माझ्या बांगड्यांचे ओरखडे होते. आयुबूने बहुतेक माझं तोंड बघितलं असेल. तो काही न बोलता माझ्यामागे येऊन दोरी खेचायला लागला. जे वर येत होतं ते झटके देत होतं, जिवंत होतं, आणि क्षणभर मलाही वाटलं, आपण चुकलो.

पाण्याबाहेर पिंजरा आला. दोरीची कडी पिंजऱ्याच्या कोपऱ्याला अडकवलेली होती. आत भलाथोरला कंपांगो होता. दोरीला झटका बसला की तो पिंजऱ्याला धडका देत होता. त्याच्या मिशा जाळीतून बाहेर आल्या होत्या आणि तो कण्हल्यासारखा आवाज करत होता.

इतका वेळ "बरं आहे, बरं आहे" म्हणून मला कोण सांगत होतं ते आमच्या तिघांच्या समोर होडीत पडलेलं होतं.

"त्याला दोन्ही हात मोकळे हवे असतील," ग्रॅहम सावकाश म्हणाला. "म्हणून दोरी इथे अडकवली असेल. याचा अर्थ असा नाही की..." मग त्याने घड्याळाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि पायातले बूट काढायला लागला.

"तुमचा कान," मी म्हटलं.

"कान दोन आहेत," तो म्हणाला. दुसरी टाकी होडीत होतीच. आयुबूने ती त्याच्या पाठीवर चढवली. त्याने सुरा पट्ट्यात खोचला, नांगराच्या दोराला धरलं आणि गेला.

त्यानंतरच्या वेळाबद्दल मला नीट सांगता येत नाही. माझ्या हातात दोरी होती, पण ती आता कुठेच जात नव्हती. तिचं दुसरं टोक माझ्या पायापाशी पडलं होतं. विचारायला काही नव्हतं आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. म्वेरा आता चांगलाच वाहत होता. लाटा होडीच्या कुशीवर आपटत होत्या आणि आयुबू एका हाताने वल्हं धरून, नांगर सुटू नये म्हणून, होडी जागेवर ठेवायची शिकस्त करत होता. त्याचे ओठ हलत होते. तो अल्लाचं नाव घेत होता. मला एकही देव आठवेना. मिरजेचा गणपती आठवेना, सासरचं दैवत आठवेना. फक्त एवढंच मनात येत होतं की सकाळी चहात साखर कमी पडली होती आणि मी आणखी घातली नाही.

"आमायी," आयुबू म्हणाला, "याला पाण्यात सोडू? मरेल."

कंपांगोचे कल्ले जोरजोरात उघडमीट करत होते. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यालाही खाली जायचं होतं. त्याची पिल्लं उघड्यावर पडली होती.

"पिंजरा पाण्यात धर," मी म्हटलं. "पण सोडू नको. ते वर आल्यावर सोडू."

का तसं म्हटलं ते मला माहीत नाही. आयुबूने पिंजरा काठावरून अर्धा पाण्यात टेकवून धरला. आम्ही दोघं दोन बाजूंना पाण्याकडे बघत बसलो. प्रत्येक लाट डोक्यासारखी दिसत होती.

मग होडीच्या मागच्या बाजूला, आम्ही बघत नव्हतो तिथे, पाणी फुटलं आणि ग्रॅहमचा आवाज आला. तो एका हाताने कुणालातरी धरून होता. ह्यांच्या पाठीवर टाकी नव्हती. चष्माही नव्हता. तोंड राखेसारखं झालं होतं आणि डोळे मिटलेले होते. आयुबूने आणि मी त्यांना काखेत धरून ओढलं, ते होडीच्या तळाशी पडले, आणि एकदम कुशीवर वळून भडभडून ओकले. इतका छान आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. मी त्यांच्या अंगावर पडून मोठमोठ्याने रडायला लागले. ग्रॅहम काठाला धरून लोंबकळत होता. त्याच्या कानातून रक्ताची धार मानेवर येत होती. "जाळं," तो धापा टाकत म्हणाला. "कुणाचं तरी तुटलेलं नायलॉनचं जाळं. खडकावर पसरलं होतं. पाण्यात दिसतच नाही. त्याची टाकी मागून अडकली होती, धडपडीत हवाही संपत आली होती."

आयुबूने पिंजऱ्याचं दार उघडलं. कंपांगो एकदा वळला आणि खाली गेला. त्याचं घरटं राहिलं की गेलं, ते पुढे कुणीही विचारलं नाही, ह्यांनीसुद्धा नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरने ह्यांना एक रात्र ठेवून घेतलं आणि सोडलं. ग्रॅहमचा कान मात्र पुढे बरेच महिने दुखत राहिला. त्याला मी रोज आल्याचा चहा पाठवत असे. हे घरी आले ते गप्पच होते. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत, घरटं गेलं म्हणून. पण रागावलेला माणूस जेवताना बायकोच्या हाताकडे बघत बसत नाही. मी काही विचारलं नाही. विचारायची हौस फिटली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे पडवीत खुर्चीवर बसून पेज पीत होते. समोर सरोवर अगदी शांत होतं. मी तांदूळ निवडत होते. मी कधी नव्हे ती काही बोलत नव्हते, म्हणूनच बहुधा त्यांना बोलावं लागलं.

"माका सगळा दिसा होता," हे म्हणाले.

मी हात थांबवला.

"पिंजरो माझ्यासमोर होतो. दोन हातांर. माझो हात पावलो असतो, तर मी पाच हिसके दिले असते. पण पावलो नाय. जितको ओढी होतंय, तितकी जाळी आवळत होती. सुरी पडली, ती खडकात गेली." त्यांनी वाडगा खाली ठेवला. "आणि दोरी हलली. दोनदा. माका कळला, तू इचारतंस."

"अहो, नका सांगू."

"सांगूक दी. तू दोनदा हलवलंस, आणि त्या माशान उत्तर दिल्यान. माझ्या डोळ्यांदेखत. परत तू इचारलंस, परत त्येणी दिल्यान. मी थयसून आरडलंय. पाण्यात काय ऐकू येतला?" "दर खेपेक वाटला, झाला. आता हिचा समाधान झाला. आता ही गप बसतली. मीच तशी शपथ घातलेली."

माझ्या डोळ्यांसमोरचे तांदूळ दिसेनासे झाले. मी पदर तोंडाशी धरला.

"आमच्या थय देवाक गाऱ्हाणा घालतत, तुका म्हायती आसा," हे पुढे म्हणाले. मला माहीत होतं. गावकार देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि मागे उभे असलेले लोक दर मागण्याला साथ देतात. आमच्या घरात ह्यांना असल्या गोष्टींचं भारी हसू यायचं. सासूबाई देवळात न्यायच्या, तर हे बाहेर चपला राखत बसायचे.

"मी घातलंय," ते म्हणाले. "तोंडात नळी होती, म्हणून मनातच. आरवलीच्या वेतोबाक."

"काय मागितलंत?"

ते सरोवराकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले, आणि हात जोडून, अगदी गावकार म्हणतो तशा सुरात, पण इतक्या हळू की मलाच ऐकू यावं, म्हणाले, "बा देवा वेतोबा, ह्या मिरजेच्या पोरीचा समाधान होऊक देऊ नको रे म्हाराजा. कोणी कितीय सांगांदे, हिचो जीव शांत करू नको रे म्हाराजा."

मी रडत होते. पण गाऱ्हाण्याला साथ द्यावी लागते, ती न देऊन कसं चालेल?

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.